इंजिन ट्यूनिंग : शक्तीच्या आकड्याआधी उष्णता, इंधन व गिअरबॉक्सची मर्यादा पाहणे आवश्यक

भिलाई (छत्तीसगड) : टर्बो पेट्रोल मोटारीच्या इंजिनाची शक्ती वाढविण्यासाठी आता यांत्रिक भाग बदलण्याची गरज उरलेली नाही. इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या ‘ईसीयू’ या संगणकातील आज्ञावली बदलली, तरी मोठा फरक पडतो. मात्र हे काम कोणत्या पद्धतीने करून घ्यावे, याचा निर्णय केवळ शक्तीच्या आकड्यावर घेणे महागात पडू शकते. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जाणाऱ्या भिलाईसारख्या शहरात तर ही दक्षता अधिकच महत्त्वाची ठरते.

ठिणगी केव्हा पडावी, इंधन किती सोडावे आणि टर्बोने हवेचा दाब किती ठेवावा, हे ईसीयू ठरवतो. निर्माता वेगवेगळ्या हवामानाचा आणि इंधनाचा विचार करून यात सुरक्षिततेसाठी काही अंतर राखतो. ट्यूनिंगमध्ये नेमके हेच अंतर कमी केले जाते. हवा तापलेली असल्यास इंधन अवेळी पेट घेऊन ‘नॉकिंग’ होण्याचा धोका वाढतो. त्या वेळी ईसीयू ठिणगी लांबवतो व मिळविलेली शक्ती नाहीशी होते. हे संरक्षणच शिथिल केले असेल, तर पिस्टनला इजा होऊ शकते.

चार पर्याय

पहिला पर्याय तयार आज्ञावलीचा. तो स्वस्त असून काम लवकर होते. परंतु ती आज्ञावली दुसऱ्या मोटारीवर, कदाचित थंड प्रदेशात आणि उच्च ऑक्टेन इंधनावर तपासलेली असते.

दुसरा पर्याय स्वतंत्र ट्यूनिंग बॉक्सचा. हे उपकरण सेन्सरचे संकेत बदलून ईसीयूकडे पाठवते. ते सहज काढता येते. मात्र त्यातून मिळणारे नियंत्रण मर्यादित असते.

तिसरा पर्याय दूरस्थ ट्यूनिंगचा. मालकाने पाठविलेल्या नोंदी पाहून ट्यूनर आज्ञावलीत टप्प्याटप्प्याने सुधारणा करतो. महानगरापासून दूर राहणाऱ्यांना हा मार्ग सोयीचा वाटतो. परंतु पूर्ण भाराच्या नोंदींसाठी सार्वजनिक रस्त्यावर भरधाव मोटार चालविणे धोकादायक व बेकायदा आहे.

चौथा पर्याय डायनोमीटरवरील ट्यूनिंगचा. रोलरवर मोटार चालवून शक्ती आणि हवा-इंधनाचे प्रमाण प्रत्यक्ष मोजले जाते. खर्च व प्रवास वाढला, तरी चौघांत हाच मार्ग सर्वांत विश्वासार्ह आहे. दोन डायनोंचे आकडे सारखे येतीलच असे नाही. त्यामुळे एकाच डायनोवरील आधीचे व नंतरचे आलेख पडताळावेत. बेंगळुरूच्या सौम्य हवेत केलेले ट्यूनिंग भिलाईच्या मे महिन्यातही टिकेल, एवढे अंतर आज्ञावलीत राखण्यास ट्यूनरला सांगावे.

इंधन आणि गिअरबॉक्स

इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये १०० ऑक्टेनचे पेट्रोल निवडक शहरांत उपलब्ध केले. अशा इंधनासाठी तयार केलेली आज्ञावली साध्या पेट्रोलवर वापरणे घातक ठरू शकते. नेहमीच्या पंपावर जे पेट्रोल मिळते, त्यावरच ट्यूनिंग करून घ्यावे. पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वाढल्यास इंधनाची मात्राही वाढवावी लागते, हेही ध्यानात ठेवावे.

इंजिनाने अधिक टॉर्क दिला, तरी गिअरबॉक्सने तो पेलला पाहिजे. फोक्सवॅगन समूहाच्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजी गिअरबॉक्सची मर्यादा सुमारे २५० न्यूटनमीटर आहे. याच समूहाचे १.५ लिटर टीएसआय इंजिन कारखान्यातूनच २५० न्यूटनमीटर टॉर्क देते. येथे वाढीव टॉर्कचा भार थेट क्लचवर येतो.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. परवानगी नसलेले भाग बसवून वाहनात बदल केल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. प्रदूषण नियंत्रक कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकल्यास वाहन उत्सर्जन मानकांत बसत नाही. ट्यूनिंगमुळे निर्मात्याची वॉरंटी आणि विम्याचा दावा नाकारला जाण्याची शक्यताही असते.

म्हणून काम सोपविण्यापूर्वी स्पार्क प्लग, शीतकरण यंत्रणा व क्लच तपासून घ्यावेत. मूळ आज्ञावलीची प्रत जपली जाईल का, ती पुन्हा बसवून मिळेल का आणि आत येणाऱ्या हवेच्या तापमानाच्या नोंदी दिल्या जातील का, याची ट्यूनरकडून लेखी खात्री करून घ्यावी.