‘मला माहीत नव्हते’ एवढे म्हणून सुटका होते का?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेतून घरी आले आणि नणंदेचा फोन वाजला. आवाज रडवेला होता. “भाभी, पोराच्या मोटारसायकलला एक म्हातारबा आडवे आले. चूक त्यांचीच आहे. पोरगा अकरावीत आहे, पोलिसांत नाव गेलं तर आयुष्याचं नुकसान होईल. तुमच्या ओळखीच्या नगरसेवकांना सांगा ना.”

त्या नगरसेवकांची मुलगी माझ्या वर्गात होती. मी काही न विचारता फोन लावला. “मुलाची काहीच चूक नाही,” असे ठासून सांगितले, जणू मी तिथे उभीच होते! गुन्हा नोंदवला गेला नाही. नणंदेने दुआ दिल्या आणि मीही समाधानाने झोपले.

आठ दिवसांनी खरे कळले. म्हातारबा केळीची हातगाडी लावणारे. मांडीचे हाड मोडलेले. भाच्याकडे परवाना नव्हता आणि गाडी चालवताना तो मोबाइलवर बोलत होता. पोलिसांत नोंदच नाही, तर मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे भरपाई मागायची कशाच्या आधारे? माझ्या एका फोनने गरिबाच्या हक्काचा रस्ता अडवला होता. मनात पहिले वाक्य आले ते हेच, “मला कुठे माहीत होते?”

हे वाक्य आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. आपण ते पुढाऱ्यांच्या तोंडून ऐकतो, त्यांना हसतो आणि वेळ आली की स्वतः वापरतो.

आपल्या जळगावला लागूनच असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातील खामगावची घटना आठवा. २००६ साली तेथील एका शेतकऱ्याने सावकारीची तक्रार केली. तक्रार आमदार दिलीपकुमार सानंदा यांच्या कुटुंबाविरुद्ध होती. तेव्हाचे मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांच्या कार्यालयातून पोलीस ठाण्यात फोन आला आणि ठाण्यातील अंमलदाराने त्याची नोंद स्टेशन डायरीत करून ठेवली. पुढे जिल्हाधिकाऱ्यांनाही सूचना गेली की, या कुटुंबाविरुद्धच्या तक्रारी आधी सावकारीविरोधी समितीपुढे ठेवाव्यात, सरकारी वकिलाचे मत घ्यावे, मगच गुन्हा नोंदवावा. सामान्य माणसासाठी अशी वेगळी वाट कायद्यात कुठेच नव्हती.

मुख्यमंत्र्यांची बाजू अशी होती की, राजकीय वैरातून खोट्या तक्रारी होत असल्याचे आमदारांनी सांगितले, म्हणून शहानिशा व्हावी एवढाच हेतू होता. न्यायालयाला ते पटले नाही. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २५ हजार रुपयांचा खर्च बसवला होता. १४ डिसेंबर २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम १० लाख केली आणि ती गरीब शेतकऱ्यांच्या कायदेशीर मदतीसाठी वापरण्यास सांगितले. हे पैसे राज्य सरकारने भरायचे होते, म्हणजे शेवटी तुमच्या-माझ्या खिशातून.

आमच्या खान्देशातले घरकुल प्रकरण वेगळ्या स्वरूपाचे आहे, पण प्रश्न तोच. जळगाव नगरपालिकेने गरिबांसाठी ११ हजारांवर घरे बांधण्याची योजना आखली; त्यातील थोडीच उभी राहिली. तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फेब्रुवारी २००६ मध्ये फिर्याद दिली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले. माजी मंत्री सुरेश जैन यांना सात वर्षे व १०० कोटी दंड, गुलाबराव देवकर यांना पाच वर्षे. या शिक्षांविरुद्ध उच्च न्यायालयात अपिले झाली आहेत. पण निकालानंतर माझ्या माहेरी जळगावात एकच चर्चा होती, “बिचाऱ्या नगरसेवकांनी तर फक्त ठरावाला हात वर केला, त्यांना काय कळत होते?” मला विचारावेसे वाटले, मग गरिबाच्या छपराचा ठराव न वाचता हात वर करण्याचा हक्क त्यांना कोणी दिला?

कायदा अज्ञानाला सरसकट नाकारत नाही. एखादी घटना खरोखर ठाऊक नसेल आणि सद्भावनेने काही घडले, तर बचाव मिळू शकतो. मात्र भारतीय दंड संहितेच्या कलम ५२ ने सद्भावनेला एक अट घातली होती, योग्य काळजी आणि लक्ष. त्याशिवाय केलेले काम सद्भावनेचे मानले जात नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तरी ही अट कायम आहे. म्हणजे ‘माहीत नव्हते’ असे म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न येतोच, “माहीत करून घेणे तुमचे काम नव्हते का?” ज्याच्या हातात जेवढा अधिकार, तेवढा हा प्रश्न धारदार.

दीन आपल्याला याहून पुढे नेतो. मखजूम घराण्यातील एका प्रतिष्ठित स्त्रीने चोरी केली, तेव्हा लोकांनी प्रेषित (स.) यांचे लाडके हजरत उसामा (रजि.) यांना शिफारशीसाठी पाठवले. प्रेषितांचा चेहरा बदलला. पूर्वीचे लोक यामुळेच नष्ट झाले की ते बड्यांना सोडत आणि दुबळ्यांना शिक्षा करत, असे सांगून त्यांनी स्वतःच्या मुलीलाही यातून सूट नसल्याचे बजावले. ही हदीस आपण अनेकदा ऐकतो. पण उसामांनी पुढे काय केले, इकडे आपले लक्ष जात नाही. त्यांनी कारणे दिली नाहीत. माझ्यासाठी अल्लाहकडे क्षमा मागा, एवढीच विनंती केली.

ही हदीस मला त्या रात्री झोपू देईना. सकाळी नगरसेवकांना फोन केला, “मी चौकशी न करता बोलले, माझा शब्द मागे घेते.” मग म्हातारबांच्या घरी गेले. त्यांच्या मुलाला सगळे खरे सांगितले आणि फिर्याद देण्यासाठी त्याच्यासोबत ठाण्यात गेले. उशीर झाला होता, पण नोंद झाली. नणंद वर्षभर माझ्याशी बोलली नाही. ईदला शीरखुर्म्याचा डबा तसाच परत आला.

भगिनींनो, आपल्यापैकी कुणी मुख्यमंत्री नाही. पण ‘जरा शब्द टाका’ असे सांगणारा नातेवाईक प्रत्येक घरात आहे. फोन उचलण्याआधी एवढे विचारा, दुसऱ्या बाजूला कोण जखमी आहे? आणि मी जे सांगणार आहे ते मला खरोखर माहीत आहे का? माहीत नसेल, तर फोन खाली ठेवा. घरात ही सवय लागली, तरच पुढाऱ्यांकडे हिशेब मागताना आपला आवाज खणखणीत राहील.