टीव्ही घेण्याआधी टेप काढा

२०२५च्या मे महिन्याच्या सुरुवातीला माझ्या धाकट्या बहिणीचा सांगलीहून फोन आला. आवाजावरूनच कळलं, की घरात वादावादी झालेली आहे. भाच्याला नोकरी लागून वर्ष झालं होतं. त्यानं पन्नास हजार रुपये साठवले होते आणि त्याला ५५ इंची फोर-के टीव्ही घ्यायचा होता. घरात टीव्ही नव्हता असं नाही. ४३ इंची, फुल एचडी, सहा वर्षांचा, व्यवस्थित चालणारा टीव्ही भिंतीवर होता. पण भाच्यानं आदल्या दिवाळीला प्लेस्टेशन ५ घेतलं होतं आणि "मामा, त्याला हा टीव्ही म्हणजे विमानाला बैलगाडीची चाकं" असं त्याचं म्हणणं. बहिणीचं म्हणणं एवढंच, की गेल्या पावसाळ्यात गच्ची दोन ठिकाणी गळली, वॉटरप्रूफिंगवाल्यानं चाळीस हजार सांगितलेत आणि पाऊस महिन्यावर आलाय. "तू आयटीआयमध्ये तीस वर्षं टीव्ही शिकवलास ना, मग तूच सांग त्याला," असं म्हणून तिनं फोन त्याच्या हातात दिला.

फोनवर निकाल देणं मला जमत नाही. रविवारी एसटीनं गेलो.

टीव्ही दुरुस्तीला येतो तेव्हा पहिला प्रश्न विचारायचा असतो, "त्रास काय होतो?" "कुठला टीव्ही घेऊ?" हा प्रश्न फार नंतरचा. भाच्याला मी तेच विचारलं. त्याच्या तक्रारी दोन होत्या. चित्र धूसर दिसतं, आणि बटण दाबलं तरी खेळाडू उशिरा हलतो. फोर-केनं या दोन्ही तक्रारी जातील, अशी त्याची खात्री होती.

दुसरी तक्रार आधी घेतली, कारण तिचा आणि ठिपक्यांच्या संख्येचा काही संबंध नाही. आजचा टीव्ही आलेलं चित्र जसंच्या तसं दाखवत नाही. तो आधी त्याच्यावर संस्कार करतो. रंग गडद करतो, कडा उठावदार करतो आणि हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच एक तिसरं चित्र रचून घालतो. मालिका बघताना हे चालून जातं. तिथे चित्र अर्धा सेकंद उशिरा आलं तरी कुणाला कळणार? खेळात मात्र अंगठा बटणावर असतो. टीव्हीच्या या संस्कारांना लागणारा वेळ शंभर मिलिसेकंदांच्या आसपास जाऊ शकतो. चांगल्या टीव्हीत गेम मोड चालू केला, की हे सगळं बाजूला ठेवलं जातं आणि तोच उशीर दहा-वीस मिलिसेकंदांवर येतो.

आम्ही तो मोजला. त्यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यात स्लो मोशन असतं. भाच्याचा फोन सेकंदाला २४० चित्रं घेत होता, म्हणजे दर चित्राला साधारण चार मिलिसेकंद. बटणावरचा अंगठा आणि टीव्हीचा पडदा दोन्ही एकाच वेळी दिसतील असा फोन धरला आणि बटण दाबल्यापासून गाडी हलेपर्यंत किती चित्रं जातात ते मोजलं. एक्केचाळीस. नंतर टीव्हीच्या मेनूत शिरलो. गेम मोड चार पायऱ्या आत लपलेला होता. तो चालू केला आणि पुन्हा मोजलं. चोवीस. यातला बराचसा वेळ खुद्द खेळाचा आणि कन्सोलचा असतो, तो कुठल्याच टीव्हीनं जात नाही. पण मधली सतरा चित्रं, म्हणजे सत्तर मिलिसेकंद, निव्वळ टीव्हीनं खाल्लेले होते. ताशी २०० किलोमीटरनं धावणारी गाडी तेवढ्यात जवळपास चार मीटर पुढे जाते. भाचा वळणावर कठड्याला का धडकत होता, हे त्यालाच कळलं. खर्च शून्य.

(काही टीव्हींत गेम मोड नावाचं काही सापडत नाही. तिथे एचडीएमआयच्या त्या जोडणीला 'गेम' किंवा 'पीसी' असं नाव दिलं की हाच परिणाम मिळतो. करून बघायला हरकत नाही.)

आता धूसरपणा. फुल एचडी म्हणजे पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, एकूण २० लाख ७३ हजार. फोर-केमध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२ लाख ९४ हजार. बरोब्बर चौपट. दुकानात हा 'चौपट' शब्द फार जोरात ऐकू येतो. पण ठिपके पडद्यावर चौपट झाले म्हणून डोळ्यांना चौपट दिसत नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे अक्षरांचा तक्ता वाचून ज्याची नजर ६/६ ठरते, त्याला अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा दिसतो. सोप्या भाषेत, सुमारे ३.४ मीटरवरून एक मिलिमीटर. त्याहून बारीक दोन ठिपके एकमेकांत मिसळतात. त्यावरून एक साधा हिशेब निघतो. टीव्हीच्या कर्णाच्या दीडपटीहून किंचित जास्त अंतरावर बसलात, तर फुल एचडीचे ठिपके तसेही वेगळे दिसत नाहीत. ४३ इंचाला हे अंतर साधारण साडेपाच फूट होतं, ५५ इंचाला सात फुटांच्या थोडं पुढे आणि ६५ इंचाला साडेआठ फुटांच्या आसपास.

बहिणीकडून शिवणाची टेप मागून घेतली. दिवाणाच्या कडेपासून टीव्हीपर्यंत नऊ फूट भरले! म्हणजे भाच्याला ४३ इंची पडद्यावरचे आहेत तेच ठिपके तिथून वेगळे दिसत नव्हते. ५५ इंची घेतला असता तरी त्या दिवाणावरून फोर-केचे जादा ठिपके बहुतांशी वाया गेले असते. ६५ इंची घ्यावा, तर त्याची रुंदी १४४ सेंटिमीटर, आणि शोकेस व दार यांच्यामधली भिंत साडेचार फुटांची, म्हणजे १३७. प्रश्नच मिटला. हा हिशेब काही दगडावरची रेघ नाही. तरुण डोळे ६/६हून तिखट असू शकतात, आणि तारा किंवा जाळी यांच्यासारख्या बारीक कडा हलताना थरथरतात, तो फरक थोड्या जास्त अंतरावरूनही जाणवतो. पण पन्नास हजारांचा निर्णय घ्यायला हा हिशेब पुरेसा आहे.

मग त्याला धूसर का दिसत होतं? टीव्हीच्या मेनूत चित्राचा आकार '१६:९'वर होता. बऱ्याच टीव्हींत या सेटिंगमध्ये चित्र थोडं मोठं करून कडा कापल्या जातात. जुन्या प्रक्षेपणात कडेला नको ते दिसू नये म्हणून पडलेली ही सवय अजून सुटलेली नाही. चित्र ताणलं, की एकास एक बसणारे ठिपके एकमेकांत सांडतात. आकार 'स्क्रीन फिट' केला, शार्पनेस खाली आणला. भाचा चष्मा पुसून पुन्हा बघायला लागला.

कन्सोलबद्दलही थोडं सांगायला हवं. प्लेस्टेशन ५ फोर-के चित्र पाठवतं हे खरं, पण खेळ आतून दर वेळी तेवढ्या ठिपक्यांत रंगवला जातोच असं नाही. 'स्पायडर-मॅन : माइल्स मोरालेस'सारख्या खेळात निवड करावी लागते. एका पर्यायात चित्राचा थाट जास्त आणि सेकंदाला ३० चित्रं, दुसऱ्यात ६० चित्रं पण आतली आकृती लहान, जी नंतर हुशारीनं मोठी केली जाते. भाचा कायम ६०वाला पर्याय घेणारा. उलट फुल एचडी टीव्ही जोडलेला असला, तर जास्त ठिपक्यांत रंगवलेलं चित्र कन्सोल लहान करून पाठवतं आणि कडा आणखी मऊ होतात. म्हणजे जुन्या टीव्हीवरही कन्सोलची सगळीच ताकद वाया जात नव्हती. आणि आठ-केच्या वाटेला तर जाऊच नका. प्लेस्टेशनच्या खोक्यावर सुरुवातीला छापलेला तो आकडा २०२४मध्ये काढून टाकण्यात आला, यातच काय ते आलं.

इथपर्यंत बहीण खूश होती. पण मी वकील तिचा नव्हतो. रात्रीच्या एका प्रसंगात भाच्यानं मला गल्ली दाखवली. काळ्या सावलीत काय दडलंय ते दिसत नव्हतं आणि दिव्याचा झोत नुसता पांढरा फटक. "मामा, हे बघा," म्हणाला. त्याचं बरोबर होतं. उजेड आणि अंधार यांच्यातलं अंतर वाढवणारं जे एचडीआर तंत्र आहे, ते त्याच्या टीव्हीत नव्हतं. बहुतेक फुल एचडी टीव्हींत नसतंच. हा फरक नऊ फुटांवरून दिसतो, बारा फुटांवरूनही दिसतो. गोम अशी, की हल्ली प्रत्येक फोर-के टीव्हीच्या खोक्यावर एचडीआर लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ कधीकधी एवढाच असतो, की तो टीव्ही ते संकेत स्वीकारतो. तीनशे-साडेतीनशे निट्स उजेड देणारा पडदा सूर्य दाखवणार कसा? सहाशेच्या पुढचा उजेड आणि पडद्यामागचे दिवे भागाभागानं मंद करण्याची सोय, ही दोन्ही असतील तर पैसे देण्यात अर्थ आहे.

दुसरा फरक गतीचा. साधा पडदा सेकंदाला ६० वेळा बदलतो, म्हणजे एका चित्राला जवळपास १७ मिलिसेकंद. १२० हर्ट्झचा पडदा तेच आठवर आणतो आणि मोजके खेळ त्याचा फायदा घेतात. फोर-के आणि १२० दोन्ही एकदम हवं असेल, तर ते एचडीएमआय २.१ जोडणीतूनच धड मिळतं. तशी केबल कन्सोलबरोबर येते, पण टीव्हीवरच्या तीन-चार जोडण्यांपैकी कधी एक-दोनच त्या ताकदीच्या असतात. शिवाय 'मोशन रेट' वगैरे नावानं छापलेले मोठे आकडे हे पडद्याचे नसतात, मधली चित्रं रचण्याच्या करामतीचे असतात. पॅनेल किती हर्ट्झचं, असं थेट विचारावं.

संध्याकाळी चहा घेताना मी भाच्याला एवढंच म्हणालो, की तुझी हौस खोटी नाही, पण आज तुला लगेच हवं होतं ते मिळालंय. उरलेलं चार महिने थांबू शकतं. गच्ची थांबू शकत नाही. तो थोडा वेळ गप्प बसला आणि दुसऱ्या दिवशी वॉटरप्रूफिंगवाल्याला आगाऊ रक्कम देऊन आला. त्या वर्षी पावसानं कुणालाच महिना दिला नाही. २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत पोचलासुद्धा. सांगलीतलं काम त्याआधी आठ दिवस पुरं झालं होतं.

थांबण्याचा एक फायदा मात्र मला ठाऊक नव्हता, त्याचं श्रेय मी घेणार नाही. ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून २८ टक्क्यांवरून १८वर आला. मूळ किंमत ४० हजार धरली, तर आधी ५१ हजार २०० पडले असते, ते ४७ हजार २०० झाले. भाच्यानं तोवर पुन्हा पैसे जमवले होते, थोडे मी घातले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही दुकानात गेलो, ते कन्सोल पाठीवरच्या सॅकमध्ये घालून. दुकानात फुलं, मासे आणि पोपट यांचं जे चित्र लावलेलं असतं, ते कुठल्याही टीव्हीवर देखणंच दिसतं. दुकानदार भला माणूस. त्यानं आमचं कन्सोल जोडू दिलं. दोन प्लास्टिकची स्टुलं सात फुटांवर ठेवून बसलो आणि तीच रात्रीची गल्ली तीन टीव्हींवर आळीपाळीनं बघितली. दोन फोर-के टीव्हींवर ती सांगलीच्या घरातल्याइतकीच काळी होती. तिसऱ्यावर सावलीतली सायकल दिसली. तोच घेतला, ५५ इंची, १२० हर्ट्झ पॅनेलचा.

सात फूट अशासाठी, की दिवाण दोन फूट पुढे घ्यायचा असं ठरलं होतं. बहिणीची त्याला हरकत होती, वाट अडते म्हणून. शिवाय साध्या चॅनेलवरच्या तिच्या मालिका ५७६ ओळींच्या. मोठ्या फोर-के पडद्यावर त्या पसरून आणखीच पुसट दिसायला लागल्या. तेव्हा ४३ इंची टीव्ही आतल्या खोलीत तिच्या पलंगासमोर लागला, सेट टॉप बॉक्ससकट. परवा फोनवर म्हणाली, "दिवाण पुढे आला ते एका परीनं बरं झालं. मागे केरसुणी तरी नीट फिरते."