अणुबॉम्ब, कांदा आणि मतपेटी

मे १९९८ मध्ये जैसलमेर जिल्ह्यातल्या पोखरणला पाच अणुचाचण्या झाल्या. जवळच्या खेतोलाई गावात घरांच्या भिंतींना तडे गेले, तिकडे शहरांत पेढे वाटले गेले. पंतप्रधान वाजपेयींनी अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांना लिहिलेल्या पत्रात चीनकडे बोट दाखवलं होतं, आणि २८ मे रोजी पाकिस्तानने चगाईच्या डोंगरात आपलेही बॉम्ब उडवून दाखवले. आता हे भाजपचं सरकार कोण हलवतंय, असं तेव्हा पारावर बसलेला कुणीही सांगत होता.

गैरसमज : शेजाऱ्याच्या बॉम्बची भीती आणि आपल्या बॉम्बचा अभिमान असला की मतं पदरात पडलीच.

वस्तुस्थिती : सहाच महिन्यांनी, २५ नोव्हेंबरला दिल्ली, राजस्थान आणि मध्य प्रदेशात मतदान झालं. मधल्या काळात पावसाने कांद्याचं पीक नासवलं होतं. एरवी नाशिककडच्या कांद्यावर जगणाऱ्या दिल्लीत भाव किलोला चाळीस रुपयांच्या पुढे गेला. निर्यातबंदी झाली, ऐन तोंडावर मुख्यमंत्री बदलून सुषमा स्वराज यांना आणलं, तरी दिल्लीत सत्तर जागांपैकी ५२ काँग्रेसला गेल्या, भाजपला १५. आणि राजस्थान, म्हणजे खुद्द पोखरणचं राज्य? दोनशेपैकी काँग्रेस १५३, भाजप ३३. मध्य प्रदेशही काँग्रेसने राखलं. सगळा दोष कांद्याचा नव्हता, पण बॉम्ब मदतीला आला नाही हे नक्की.

गैरसमज : १९९९ ची लोकसभा कारगिलने जिंकून दिली.

वस्तुस्थिती : कारगिलची लढाई चालू असताना पाकिस्तानचे परराष्ट्र सचिव कोणतंही शस्त्र वापरू असं बोलून गेले होते, तेव्हा धाक खरा होता. तरी भाजपच्या जागा १९९८ मध्ये १८२ आणि १९९९ मध्येही १८२च. मतांचा वाटा तर दीड-दोन टक्क्यांनी घटला. वाढली ती आघाडी : द्रमुक सोबत आला, तेलुगू देसमशी समझोता झाला.

महाराष्ट्रात बघा. १९९८ मध्ये शिवसेना-भाजप युतीला ४८ पैकी दहाच खासदार मिळाले होते, १९९९ मध्ये २८ झाले. कारगिलची लाट? मग त्याच वेळी झालेल्या विधानसभेला त्याच मतदारांनी युतीला २८८ पैकी १२५ जागांवर अडवून सत्तेबाहेर का बसवलं? लोकसभेतल्या वाढीमागे मोठा हात होता तो शरद पवारांच्या नव्या पक्षाचा. काँग्रेसची मतं दोन घरांत वाटली गेली.

गैरसमज : म्हणजे अणुधोक्याचा निवडणुकीशी संबंधच नाही.

वस्तुस्थिती : आहे, आणि तो चांगलाच आहे. फक्त तो मतपेटीच्या आधी, भाषणांत काम करतो. विरोधकाची जीभ अडकते. पोखरणनंतर काँग्रेसला आधी शास्त्रज्ञांचं कौतुक करावं लागलं, मग ‘आत्ताच का?’ हा प्रश्न.

कधी उलट, सत्ताधाऱ्याचीच जीभ अडकते. १९६० मध्ये अमेरिकेत केनेडींनी प्रचार केला की क्षेपणास्त्रांत सोव्हिएत रशिया पुढे गेलाय. यू-टू हेरविमानांनी काढलेले फोटो पाहिल्यामुळे हे खरं नसावं, असा तेव्हाचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांचा अंदाज होता. पण फोटो चारचौघांत मांडले तर हेरगिरीची कुवत उघड होणार, म्हणून त्यांनी पुरावा पुढे केला नाही. त्यांचे उपाध्यक्ष आणि केनेडींचे प्रतिस्पर्धी निक्सन सव्वा लाखाच्या आतल्या मतफरकाने हरले. निक्सन यामुळेच हरले असं कुणी छातीठोकपणे म्हणू नये. इतक्या निसटत्या निकालात कारणं पुष्कळ असतात. पण मतदाराची पंचाईत लक्षात घ्या. कांदा गाडीवर जाऊन विचारता येतो, टोपलीत हात घालून निवडता येतो. क्षेपणास्त्रं किती आहेत हे त्याने कुठे जाऊन मोजायचं?

मोजलं उपग्रहांनी. सप्टेंबर १९६१ मधल्या अमेरिकी गुप्तचर अंदाजात रशियाच्या लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा आकडा होता दहा ते पंचवीस. मतदान होऊन तेव्हा दहा महिने उलटले होते.