पालापाचोळा पेटवू नका, गोणीत भरा!

फाल्गुन लागला की अंगण झाडायचं आणि पाला पेटवून द्यायचा, ही आपली जुनी सवय. गेल्या साली वाऱ्यानं ठिणगी उडाली, आमची कडब्याची गंजी थोडक्यात वाचली. तेव्हापासून पाला गोणीत भरतो.

खताच्या रिकाम्या गोणीला आठ-दहा भोकं पाडा. पाला ओला करून दाबून भरा, तोंड बांधा, सावलीत ठेवा. अधूनमधून पाणी मारा. कोरडा पडला की कुजणं थांबतं. सागाचा जाड पाला आधी चुरून घ्या. साधारण वर्षभरात काळं, भुसभुशीत खत तयार होतं. त्यात नत्र कमी असतं, म्हणून शेणखत सोबत द्यावंच लागतं. पण ते ओल धरून ठेवतं. भर उन्हाळ्यात परसातली मिरची, कढीपत्ता तग धरतात.