कुंभकोणमची पानवेल आणि दिवाळीतला पाऊस

दिवाळी सरली की निफाडच्या द्राक्षबागायतदारांचे लक्ष पाऱ्याकडे लागते. थंडीचा कडाका वाढला, की कोवळ्या वेलींना ऊब मिळावी म्हणून बागेत शेकोट्या पेटवायच्या, पहाटे विहिरीचे पाणी सोडायचे. तमिळनाडूतल्या कुंभकोणमला ही धास्ती नाही. तेथे ऐन डिसेंबरातही पारा विशीच्या आसपास असतो. तेथे वेलीला जपायचे ते पावसापासून.

ही वेल खायच्या पानाची. कुंभकोणमच्या कोवळ्या पानाचा लौकिक जुनाच. 2025 मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण आपल्याकडचा पाऊस परतला, की तिकडे ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो, तो थेट डिसेंबरपर्यंत. पानवेलीचे तंत्र असे, की तिला सतत ओल हवी, पण साचलेले पाणी सोसत नाही. बुंधा पाण्यात राहिला, की फायटोफ्थोरा नावाची बुरशी मुळाशी शिरते. वर वेल हिरवीगार, खाली कुज! पाने माना टाकीपर्यंत उपाय हाताबाहेर गेलेला असतो. एकदा लावलेला मळा काही वर्षे पान देतो; कुज पसरली, तर ती सारी वर्षे बुडतात.

म्हणून पावसाआधीच वाफ्यांमधले चर उपसून खोल करायचे, पाण्याला बाहेर वाट द्यायची. पाने खुडून घेतल्यावर बुंध्याशी बोर्डो मिश्रण ओतायचे. 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद आणि 1 किलो चुना, हे त्याचे नेहमीचे प्रमाण. रोगट वेल दिसली, तर मुळासकट उपटून जाळायची. तेथे दयामाया नाही.

वेल चढते ती हादग्यावर. आपण फुलांची भाजी करतो, तोच हा हादगा. त्याचे शेंडे छाटले, की वारा कमी धरतो. अर्थात 16 नोव्हेंबर 2018 च्या ‘गज’ चक्रीवादळात कावेरीच्या मुखाकडचे नारळ लाखांनी आडवे झाले, तेथे हादग्याची काय कथा!

आपल्या गॅलरीतल्या पानवेलीला मात्र थंडीच बाधते. पारा दहाच्या खाली जाऊ लागला, की कुंडी भिंतीच्या आडोशाला घ्यावी, रात्री जुने सुती लुगडे पांघरावे आणि उन्हे आल्यावर काढावे. पाणी सकाळीच, तेही बेताने. आणि कुंडीखालच्या बशीत साचलेले पाणी तेवढे रोज ओतून टाकावे.