दोन रुपयांचं वचन

आज आपण एक साधा प्रश्न घेऊ. नरडाण्यात चहा प्यायलो, दोन रुपये परत यायचे आहेत आणि सुट्टे नाहीत. मग दुकानदार काय करतो? गिऱ्हाईक ओळखीचं असेल तर म्हणतो, ‘राहू द्या भाऊ, उद्या बघू.’ अनोळखी असेल तर हातावर दोन चॉकलेटं ठेवतो. या दोन उत्तरांत फरक काय, तो कळण्यासाठी आपण आधी इंग्लंडात जाऊन येऊ.

१६४९ मध्ये तिथं पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाला. राजाच्या परवान्यानं निघणारी फार्दिंग, म्हणजे पाव पेनीची बारीक नाणी, बंद पडली. बाजार अडला. मग वाणी, मेणबत्तीवाले, खानावळवाले यांनी स्वतःचेच बिल्ले पाडले. त्यावर दुकानदाराचं नाव, गाव आणि धंद्याची खूण असे. पुष्कळदा तीन अक्षरं असत: वर आडनावाचं, खाली नवऱ्याचं आणि बायकोचं. जणू सगळं घरच त्या देण्याला बांधील!

बिल्ला चाले कुठवर? ते नाव ओळखीचं तिथवर. लांबच्या गावी तो नुसता धातूचा तुकडा. शेवटी १६७२ मध्ये दुसऱ्या चार्ल्सनं सरकारी तांब्याची नाणी काढली आणि बिल्ल्यांवर बंदी घातली. आपल्याकडे १८८९ च्या कायद्यानं पैशासारखे वापरायचे खाजगी धातूचे तुकडे पाडायला मनाई झाली.

आपल्या रेल्वेच्या त्या टोकाला सुरत. सतराव्या शतकात गुजरातेत बदाम चिल्लर म्हणून चालत, असं फ्रेंच प्रवासी टॅव्हर्निये लिहितो. हे बदाम इराणातून येत आणि इतके कडू असत, की पोरं खाऊन टाकतील ही भीती नव्हती. म्हणूनच ते फिरत राहत.

आता चॉकलेटाकडे या. उद्या तीच दोन चॉकलेटं देऊन दोन रुपये वळते करायला सांगून पाहा. दुकानदार हसेल. बिल्ला पाडणारा आपला बिल्ला परत घ्यायला बांधील होता. चॉकलेटात तसं वचन नाही. ती न मागितलेली खरेदी आहे.

‘उद्या बघू’ हा मात्र खरा बिल्ला, फक्त धातूविना. पण तो ओळखीच्यालाच मिळतो. मुंबई–आग्रा रस्त्यावरच्या वाटसरूला उद्या इथं कुठला? सरकारी नाणं मुळात त्याच्यासाठी असतं. ते हातात असलं की तुम्ही कोण, कुठले, हे कोणी विचारत नाही.

आता फोनवरून नेमके पैसे देता येतात, हे खरं. पण ज्याच्याकडे तसा फोन नाही, त्याचे दोन रुपये अजूनही दुकानदाराच्या मर्जीवर आहेत. तेव्हा गल्ल्यात थोडी चिल्लर ठेवा, मंडळी. अनोळखी माणसाला दिलेला तो शब्दच आहे.