वडिलांच्या मागे राहिलेला हिशेब

पुण्याच्या मार्केट यार्डात बराचसा व्यवहार तोंडी चालतो. पहाटे गाड्या लागतात, माल उतरतो, सौदा होतो आणि "लिहून ठेवा, शुक्रवारी देतो" एवढ्या शब्दावर वीस-पंचवीस हजारांचा भाजीपाला यार्डाबाहेर पडतो. ज्याने शब्द दिला तो माणूसच शुक्रवारच्या आत देवाघरी गेला, तर त्या शब्दाचे पुढे काय होते, हा आजचा आपला विषय आहे.

एक घर डोळ्यांसमोर आणू. वडील यार्डातून माल उचलून जवळच्या मंडईत किरकोळ विकणारे. हाताखाली एक गडी. घरात आई, नोकरी करणारा मुलगा, सासवडला दिलेली मुलगी. वडील आठ दिवस दवाखान्यात होते, तिथेच गेले. दहाव्याला घाटावर पिंड मांडले आहेत आणि कावळा काही केल्या शिवत नाही. मंडळी कुजबुजतात, "कशात तरी जीव अडकलाय." एक आडत्या हळूच मुलाच्या कानाशी येतो, "बाळा, आत्ता बोलू नये, पण तात्यांकडे माझे साठ हजार आहेत." मुलगा हात जोडून पिंडासमोर म्हणतो, "तात्या, सगळ्यांचं देणं मी फेडीन." आणि कावळा शिवतो.

या प्रसंगाची थट्टा करावी असे मला वाटत नाही. पण त्या मुलाच्या डोक्यावर नेमके किती ओझे आहे, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे. बहुतेक घरांत ते कोणी सांगत नाही.

आपल्याकडे बापाचे ऋण मुलाने फेडावे हा धर्म मानला गेला. मुंबई इलाख्यात तर एके काळी कोर्टेही तसेच मानीत. बापाची फुटकी कवडी हाती आलेली नसली तरी मुलगा देणे लागे. 1866 साली मुंबई सरकारने कायदा करून ही जबाबदारी वारशाने आलेल्या मालमत्तेपुरती मर्यादित केली. कायदा झाला, पण खेड्यापाड्यांतले कर्जरोखे काही थांबले नाहीत. 1875 च्या मे महिन्यात याच पुणे जिल्ह्यात, सुप्याच्या बाजारात, शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने फोडून दस्तऐवज जाळले, आणि त्यातून पुढे 1879 चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला. तरीही एकत्र कुटुंबाच्या वडिलार्जित मिळकतीतला मुलाचा हिस्सा बापाच्या कर्जासाठी धरता येत असे. हे धार्मिक कर्तव्याचे तत्त्व 9 सप्टेंबर 2005 पासून, हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीने, त्यानंतरच्या कर्जांपुरते संपले.

म्हणजे आजची स्थिती अशी: वडिलांचे देणे वडिलांच्या मालमत्तेवर आहे. ती ज्याच्या हाती आली, त्याने ती हाती आली तेवढ्यापुरते द्यायचे. मुलाचा पगार, सुनेचे दागिने, मुलाने स्वतः घेतलेले घर यांवर त्या आडत्याचा हक्क नाही.

मग घाटावर दिलेल्या शब्दाचे काय? नुसत्या तोंडी बोलण्याने मुलगा कायद्यात सहसा अडकत नाही. पण तेराव्यानंतर कोणी चिठ्ठी पुढे करून "फक्त एक सही कर, म्हणजे वहीत नोंद राहील" असे म्हटले, आणि त्या चिठ्ठीत "मी अमुक रक्कम देणे लागतो" असे असले, तर मात्र ते देणे त्याचे स्वतःचे होऊ शकते. म्हणून सुतकात कशावरही सही करू नये. समोरच्याला नम्रपणे सांगावे, "काका, वही घेऊन या, बसून पाहू." खरा आडत्या यात राग मानत नाही. त्याला वही दाखवायची सवयच असते. आणि नुसती वहीतली नोंद हा कोर्टात पुरेसा पुरावा होत नाही. मालाची चिठ्ठी, मध्ये दिलेल्या रकमा, कोणाच्या देखत माल गेला, हेही जुळावे लागते. उधारीची मुदत साधारण तीन वर्षांची. त्यापूर्वीचे जुने येणे कोणी काढले, तर मधल्या काळात वडिलांनी काही रक्कम दिली होती का, लिहून कबुली दिली होती का, हे पाहावे.

आता आकडे मांडू. हे मी समजावण्यासाठी धरलेले आहेत. बँकेत 2,60,000, पोस्टात 45,000, गल्ल्यात 15,000. एकूण 3,20,000 रुपये. देणे: तीन आडत्यांचे मिळून 1,75,000, पतपेढीचे 75,000, मेहुण्याचे हातउसने 25,000. एकूण 2,75,000. वरवर पाहता पैसे पुरतात, पंचेचाळीस हजार उरतातही. पण दवाखान्याचे 52,000 आणि अंत्यविधी व दहाव्याचे 18,000 मुलाने खिशातून भरले आहेत. गड्याचा अडीच महिन्यांचा पगार 30,000 थकला आहे.

कोणाचे आधी? भारतीय वारसा कायदा, 1925 मध्ये मृत्युपत्राच्या व्यवस्थापकासाठी आणि कोर्टाने नेमलेल्या प्रशासकासाठी क्रम सांगितला आहे. घरच्या मुलाने तोच धरला तर पुढे कोणी त्याला बोल लावीत नाही. पहिला खर्च अंत्यविधीचा आणि अखेरच्या आजारातल्या उपचारांचा. वारसाचा दाखला वगैरे कोर्टखर्च लागला तर तो त्यामागून. मग मजूर, कारागीर किंवा घरगडी यांची मरणापूर्वीच्या तीन महिन्यांतली मजुरी. त्यानंतर बाकीचे सगळे देणेकरी एका पंगतीत. मला या क्रमात सर्वांत आवडते ती गड्याची जागा. तो घाटावर कोणाच्या कानाशी येत नाही, कोपऱ्यात उभा असतो. कायद्याने त्याला आडत्यांच्या आणि पतपेढीच्या पुढे बसवले आहे.

अंत्यविधीचा खर्च म्हणजे घराच्या ऐपतीला साजेल इतका. शववाहिनी, लाकडे, गुरुजी, दहावे यांच्या पावत्या जपून ठेवाव्यात, ती रक्कम मुलाला मालमत्तेतून परत घेता येते. तेराव्याला तीनशे पाने उठवली, तर तो खर्च देणेकऱ्यांच्या माथी मारता येईल असे समजू नये. आणि त्या पानांसाठी नवे कर्ज काढणे हा तर वडिलांच्या नावावर वडिलांनी न केलेला व्यवहार.

तेव्हा 3,20,000 मधून 70,000 आणि 30,000 गेले. उरले 2,20,000, आणि देणे आहे 2,75,000. रुपयामागे 80 पैसे पडतात. साठ हजारांच्या आडत्याला 48,000, मेहुण्याला 20,000, पतपेढीला 60,000. यात जवळचा-लांबचा नाही. मुलाने स्वतः वडिलांना पैसे उसने दिले असतील तर त्यालाही ऐंशीच पैसे. जो मोठ्याने बोलला त्याचे पूर्ण फेडले आणि गप्प बसलेल्याला काही उरले नाही, अशी वाटणी चूक. मात्र सोने तारण ठेवून कर्ज असेल तर त्या सोन्यावर पतपेढीचा हक्क आधी. पतपेढीचे पंधरा हजार राहिले, ते ती जामीनदाराकडे मागेल. मुलानेच जामीन म्हणून सही केलेली असेल तर हे पंधरा हजार त्याच्या स्वतःच्या खिशातले, तिथे सुटका नाही. सावकाराचे कर्ज निघाले तर परवाना विचारावा. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्याप्रमाणे बिनपरवाना सावकाराला कोर्ट हुकूमनामा देत नाही. आणि व्याज मुद्दलाहून जास्त एका वेळी मागता येत नाही, हा दामदुपटीचा नियम आपल्या आजोबांनाही ठाऊक होता.

राहिलेले वीस पैसे मुलाला आपल्या पगारातून द्यायचे असतील, तर अवश्य द्यावेत. यार्डात नाव राखायचे आहे, उद्या तिथेच धंदा करायचा आहे, वडिलांना शब्द दिला आहे, ही कारणे लहान नाहीत. फक्त ते आपण मनाने देत आहोत, कोणी आपल्याकडून वसूल करीत नाही, हे ठाऊक असून द्यावेत.

आता पैसे हाती येण्याची गोष्ट. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करावी आणि दाखल्याच्या चार-पाच प्रती घ्याव्यात. वडिलांचे एटीएम कार्ड मुलाच्या खिशात असते, आकडाही पाठ असतो. तरी त्याने पैसे काढू नयेत, पुढे बहिणीने विचारले तर उत्तर देता येत नाही. खाते "दोघांपैकी एक किंवा हयात" असे असेल तर काम सोपे. नॉमिनी असेल तर बँक त्याला रक्कम देऊन मोकळी होते. नॉमिनी नसेल तरी लहान रकमांसाठी कोर्टाचा वारसाचा दाखला लागू नये, अशी तरतूद आहे. रिझर्व्ह बँकेने 2025 च्या आदेशात ही मर्यादा सहकारी बँकांसाठी पाच लाख आणि इतर बँकांसाठी पंधरा लाख ठरवली, आणि सर्व कागद मिळाल्यापासून पंधरा दिवसांत निकाल द्यायला सांगितले. पतपेढी ही बँक नव्हे, तिथे तिचे पोटनियम पाहावेत. वडील यार्डात हमाल असतील तर आणखी एक दार ठोठवावे लागते, ते माथाडी मंडळाचे. 1969 च्या माथाडी कायद्याखाली भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान यांचा हिशेब तिथे असतो.

नॉमिनी या शब्दाने घरे फुटली आहेत, म्हणून थोडे थांबतो. किल्ली सांभाळणारा वाड्याचा मालक होत नाही. बँक नॉमिनीला पैसे देते ते वारसांच्या वतीने सांभाळायला, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली सांगितले. शेअरबाबतही तेच, हे 2023 साली कालनिर्णयकार जयंत साळगावकर यांच्या मिळकतीच्या खटल्यात ठरले. विम्याची गोष्ट थोडी निराळी आहे. 2015 च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर ती रक्कम त्यांच्या लाभाची मानली जाते, तेव्हा तो कागद वेगळा काढून वकिलाला दाखवावा. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँकखात्याला चार नॉमिनी लावता येतात, एवढेही ध्यानात ठेवा.

आमच्या उदाहरणात वाटायला काही उरले नाही. उरले असते, तर मृत्युपत्र नसताना आई, मुलगा आणि सासवडची मुलगी यांचे तीन सारखे वाटे पडले असते. आजी हयात असती तर चार. मुलीला दिवसकार्यासाठी आलेलीच आहे म्हणून घाईने हक्कसोडीच्या कागदावर सही करायला लावतात. आधी वरचा सगळा हिशेब एका कागदावर मांडून तिला द्यावा, मग तिला काय सोडायचे, काय ठेवायचे ते ती ठरवील.

आणि देणे चुकते करताना प्रत्येकाकडून तारखेसह, "भरून पावलो" असे लिहून सही घ्यावी, मेहुण्याकडूनसुद्धा. वडिलांच्या सहीच्या जुन्या चिठ्ठ्या परत मागून घ्याव्यात.